आवाज आधी का धूर

“आवाज आधी आला का धूर?” मी सहादेवला विचारलं.

गाडी करंजीच्या घाटात अर्ध्या चढावर कडेला उभी होती. मागच्या चाकांना दगड लावले होते. मी बॉनेट उघडून आत वाकलो होतो. लोखंड अजून गरम होतं. तेलाची पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली. तेल खुणेइतकं होतं.

“तेल तर हाय की रं. मग आवाज कसला? वरून येत हुता का खालून?”

“खालून,” सहादेव म्हणाला. एवढंच.

सहादेव शेवगावच्या आबासाहेबांच्या टॅक्सीवर ड्रायव्हर होता. जुनी अँबॅसिडर. तिचं सगळं काम भिंगारला माझ्या शेडमध्ये व्हायचं. एरवी हा माणूस गाडी थांबायच्या आधीच बोलायला सुरुवात करायचा. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस कुणी चोरली, आणि मग शेवटी गाडीचं दुखणं. आज तो दरीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं, मालकाचं इंजिन घालवलं म्हणून भ्यायला असेल.

माझी सासू भागूबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. माझी बायको केशर काही दिवसांपूर्वी तिच्याकडे शेवगावच्या बाजूला गेली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून म्हातारी थकली होती. तिचा मुलगा श्रीमंत आणि सून दुसऱ्या केंद्रावर पाथर्डीकडे होते. भाकरी करून घालायला घरी कोणी नव्हतं, म्हणून केशर गेली होती.

निरोप आणणाऱ्या ट्रकनंच मला घाटात सोडलं, त्यातून उतरताना मी केशरला बघितलं होतं. ती मागच्या सीटवर निजली होती. अंगावर पांघरूण होतं, पायातली जोडवी दिसत होती. ऊन लागू नये म्हणून काचेत लुगडं अडकवलं होतं. आई लेकीला पोचवायला निघाली असेल, आणि उन्हानं हिचा डोळा लागला असेल, असं मी धरून चाललो. झोपू दे म्हटलं. गाडी चालू झाली की उठेल.

मी प्लगच्या वायरी बघायला लागलो.

“जावयबापू,” भागूबाई म्हणाली, “ते झाकन लावा. आदी मागं बघा.”

“काय झालं, मामी?”

“मागं बघा म्हनते ना.”

मी मागं गेलो. दार उघडून केशरला हाक मारली. पाय धरून हलवला. पाय ताठ होता. माझ्या हाताचं ग्रीस तिच्या घोट्याला लागलं, ते मी फडक्यानं पुसत राहिलो. फडकंही ग्रीसचंच होतं, त्यामुळं ते निघेना. पुढं काय केलं ते नीट आठवत नाही. रडलो नाही, एवढं आठवतं.

आमच्याकडे मेल्याची बातमी तोंडावर सांगत नाहीत. जास्त आहे, लगेच या, असं सांगतात. सहादेवला तेवढंही सांगवलं नाही. घाटात आलेल्या पहिल्या ट्रकला त्यानं हात केला आणि ड्रायव्हरला म्हणाला, भिंगारला गहिनीनाथ मिस्त्रीला सांगा, गाडी बंद पडलीय, खालून आवाज हाय, धूर टाकतीय, हत्यारं घेऊन या. तोवर सगळं होऊन गेलं होतं. ट्रकमध्ये केशरला घालून न्यावं असं तो ड्रायव्हर म्हणाला होता, पण तिचा मालक आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही म्हणून भागूबाई अडून बसली.

तो ट्रक मिलोची, रेशनवरच्या तांबड्या ज्वारीची, पोती भरायला रिकामा नगरला चालला होता. त्यानं मला निरोप दिला आणि म्हणाला, “बसा, मी सोडतो.”

“अहो, तुमी तर नगरला निघालाय.”

“बसा हो मिस्त्री.”

एका टॅक्सीसाठी हा माणूस ट्रक उलटा फिरवतो याचं मला नवल वाटलं. वाटेत त्यानं मला विडी शिलगावून दिली. मी त्याला सगळ्या वाटेनं इंजिनाबद्दल सांगत होतो. वरचा आवाज असला तर भिण्यासारखं काही नसतं, खालचा असला तर बेअरिंग गेलं समजायचं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तो “व्हय, व्हय” करत होता. त्याला सगळं माहीत होतं.

त्याच्याच ट्रकमधून केशरला भिंगारला आणलं. गाडी मागं दोराला बांधली. दिवस मावळायच्या आत उरकलं. आम्हाला मूल नाही. अग्नी मीच दिला.

गाडी माझ्या शेडसमोर उभी राहिली. घर आणि शेड एकाच अंगणात आहेत, त्यामुळं भेटायला येणाऱ्या बायका गाडीच्या सावलीला बसायच्या. भागूबाई येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायची. मी ओट्यावर बसून ऐकायचो. ऐकून ऐकून मला ते पाठ झालं, पण ते आपल्या घरचं आहे असं वाटत नव्हतं.

“रातीपासून हागवन अन् उलटी. गावातल्या हिरीत गाळच ऱ्हायलाय, त्येच पानी पितो समदी. दिस उगवला तवा डोळं आत गेलं हुतं. सहादेव टॅक्सी घिऊन आला, म्हनला मिस्त्रीकडं सोडतो, तितनं दवाखाना जवळ हाय. सारखी पानी मागायची. पानी दे, आये, पानी दे. माझी चरवी तर तिसगावातच सपली. ह्या पोरानं त्याच्याकडचा पान्याचा डबा दिला बघा. लई चांगलं पोरगं. पान्याला गाडीचा वास मारत हुता. मी म्हनलं, पिऊ नकोस गं. तर म्हनली, आये, आमच्या घरच्यावानी वास हाय. अन् प्याली.”

इथं ती थांबायची. बायका पदर तोंडाला लावायच्या.

श्रीमंत दुसऱ्या दिवशी आला. बहिणीच्या तोंडाला त्याचं पाणी पडलं नव्हतं आणि तिचं तोंडही त्याला दिसलं नव्हतं. तो रडून मोकळा झाला, आणि मग सहादेवला शोधायला लागला. सहादेव शेवगावला निघून गेला होता.

“दाजी, त्या भाड्यानं मारली माझ्या बहिनीला,” तो म्हणाला. “मी करंजीत उतरून इचारलं लोकास्नी. गाडी गावातनं जातानाच ठकठक करत हुती म्हनत्यात. ह्यो थांबला न्हाई. थांबून दुसरी गाडी बघाया पायजे हुती का न्हवती?”

मी म्हणालो, “बघावं लागंल.”

“काय बघायचं? त्यानं तेल घातलं नसनार. न्हाईतर काय आवाज आला तरी तसंच रेमटवलं. मला फकस्त एकदा तुमच्या तोंडनं ऐकायचंय. मग मी हाय अन् त्यो हाय.”

आबासाहेबही भेटायला आले. शेवगावच्या बाजारात त्यांची आडत आहे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “मिस्त्री, ह्या टायमाला बोलू नये. पण श्रीमंतच्या गावची पोरं त्या सहादेवच्या दारात जाऊन आली काल. बायका-पोरं भ्याली त्याची. तुमी गाडी खोलून बघा. तुमी सांगाल ते मी मानीन अन् श्रीमंतबी मानतो म्हनलाय. चूक त्याची निघाली तर मी त्याला गाडीवर ठेवनार न्हाई, अन् मधीबी पडनार न्हाई.”

सुतकात हत्यार धरत नाहीत. पण घरात बसवत नव्हतं. केशरच्या चुलीपुढं दिवा लावलेला होता, तिथं बसून माझं काही होत नव्हतं. एक दिवस सकाळी मी पान्यांची पेटी उचलली. शेजारची साळूबाई दारातूनच ओरडली, “आरं ए गहिनीनाथ, सुतकात पाना धरतो व्हय रं? बायकुला जाऊन आटवडा न्हाई झाला!”

“बसून काय करू, काकू?”

“लोकं काय करत्यात? रडत्यात!” ती म्हणाली. मग जरा वेळानं तिनंच चहा आणून बॉनेटवर ठेवला.

आधी मी रेडिएटरचं झाकण काढलं. आत कोरडं होतं. बोट घातलं तर पिवळं लागलं. हळद. रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर लोक त्यात हळद टाकतात, ती भोकात जाऊन बसते आणि गळती कमी होते. बंद होत नाही. अशी गाडी चालवणारा माणूस बरोबर पाण्याचा डबा ठेवतो आणि वाटेत थांबून थांबून घालतो. नगर-शेवगाव रस्त्यावर अर्ध्या गाड्या अशाच चालतात. मी कळशीभर पाणी ओतलं. खालून थेंब पडायला लागले, पण धार नव्हती. डबा जवळ असला तर या गळतीनं गाडी अडायचं कारण नव्हतं.

हँडल मारलं. पहिल्यांदा जाम लागलं, मग सुटलं. दोन-तीन झटक्यांत इंजिन सुरू झालं, आणि तो आवाज आला. ठक, ठक, ठक, खालून, जड. मागून निळा धूर निघाला आणि अंगणात पसरला. साळूबाईनं दार लावून घेतलं.

आता आवाजाची जागा धरायची होती. त्यासाठी कुणीतरी आत बसून ॲक्सिलेटरवर पाय द्यावा लागतो, मी सांगेन तसा. दे. सोड. हळू दे. हे काम केशर करायची. लग्न होऊन आली तेव्हा लाजायची, मग सवय झाली. लुगडं आवरून ड्रायव्हरच्या जागी बसायची आणि गाडीच्या काचेतून माझ्या हाताकडं बघायची. मी बोट वर केलं की दाब, मूठ केली की सोड. आर्मीतले जवान जीप घेऊन यायचे तर हसायचे. ती त्यांच्याकडं बघायची नाही. माझ्या हाताकडंच बघायची. माझ्या सगळ्या धंद्यात इतका बरोबर पाय कुणाचा पडला नाही.

मी बॉनेटपाशी उभा राहून बोट वर केलं. मग लक्षात आलं.

“मी बसू का?” मागून आवाज आला.

सहादेव होता. शेवगावहून पहिल्या एस.टी.नं आला होता. दाढी वाढलेली. तो माझ्या उत्तराची वाट न बघता आत जाऊन बसला. मी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. एकेका प्लगची वायर काढत गेलो. पहिली काढली, आवाज तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि ठकठक बसली, नुसती कुजबुज राहिली. वायर लावली, परत आली. तीन नंबरचं बेअरिंग. मी मूठ केली. सहादेवनं पाय काढला.

त्या दिवशी दोघांनी मिळून इंजिन खोललं. तो हत्यार हातात द्यायचा, मी काढायचो. हेड काढलं तर दोन आणि तीनच्या मधलं पॅकिंग जळालेलं. हेडवर पट्टी धरली, खालून उजेड दिसला. तापून वाकलं होतं. खालचं चेंबर उतरवलं. तेल भरपूर होतं, पण काळं पडून जळका वास मारत होतं. तीन नंबरच्या बेअरिंगचा पांढरा धातू वितळून वाहून गेला होता. पिस्टन ओढून काढला. त्याच्या अंगावर उभे चरे होते. चरे नवे होते, चकाकत होते. रिंगा चिकटून बसल्या होत्या.

हे जुनं दुखणं नव्हतं. जुनं असतं तर चरे काळे पडले असते. तेलाचाही दोष नव्हता. गाडी बिनपाण्यानं चढावर पळवली होती. आधी वाफ झाली, मग वाफ संपली, मग तेल पातळ झालं, मग आवाज आणि मग धूर. घाटात मी विचारलं होतं त्याचं उत्तर हे होतं. दोन्हीच्या आधी पाणी संपलं होतं.

मी डिकी उघडली. ऑइलचा जुना डबा, तोंड कापून कडी लावलेला, आडवा पडला होता. उचलला. रिकामा. त्यात भागूबाईची पितळी चरवी होती.

पान्याला गाडीचा वास मारत हुता.

मी डबा घेऊन सहादेवपुढं ठेवला. तो खाली बसला.

“गाडीचं पानी,” मी म्हणालो.

“व्हय.”

“समदं?”

“मागत हुत्या हो. मला मागं बघवंना.” तो जमिनीकडं बघून बोलत होता. “पहिली चरवी दिली तवा वाटलं, करंजीत भरून घिऊ. करंजीत टँकर आला न्हवता. आडावर बायांची रांग. मी गाडीला पानी द्या म्हनलं तर घागरी पदराखाली घेतल्या समद्यांनी. एक म्हनली, आमची लेकरं तान्ह्यानं मरत्यात अन् तुला मोटारीला पायजे व्हय रं, गाढवा? मी म्हनलं, बाई हाय आत, आजारी. तवा तिनं गडूभर दिलं. मी ते इंजिनात वतनार, तर मावशी म्हनल्या, इकडं आन, परत मागतीय. दिलं.”

“मग घाटाला लागला.”

“लागलो. वाफ निगाली. मग बंद झाली वाफ. मिस्त्री, मला कळतं ना. थांबावं तर बाई जात्यात, न्हाई थांबावं तर इंजिन जातंय. म्हनलं इंजिन जाऊ दे. घाट चढू दे नुसता, पलीकडं उतारच हाय, भिंगारपत्तूर बंद गाडी सोडून देईन. न्हाई चढला.”

मी चरवी डब्यातून काढून बाजूला ठेवली.

“श्रीमंतला का न्हाई सांगितलंस?”

“काय सांगू? तुमच्या आयनं लेकीला पानी पाजलं म्हनून गाडी बंद पडली असं सांगू? त्या मावशी मला पोरा-पोरा करत्यात. त्यांला वाटतंय ते माजं प्यायचं पानी हुतं. त्यांला कळलं तर त्या जगतील का?” मग म्हणाला, “तुमाला खोललं की कळनार हे मला ठावं हुतं. तुमी सांगायचं तर सांगा. माजं काय व्हायचं ते हुईल.”

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी पिस्टन रॉकेलनं धुऊन फडक्यावर ठेवला. डबाभर पाणी रेडिएटरला गेलं असतं तर गाडी घाट चढली असती, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. केशरला पाणी मिळालं नसतं तर ती भिंगारपर्यंत टिकली असती का, ते मला सांगता येत नाही. ते माझ्या कामातलं नाही. दोन्हीकडून विचार करून बघितला. कुठल्याच बाजूनं मला काही वाटत नव्हतं. फक्त ती सारखी पाणी मागत होती, आणि तिला ते मिळालं होतं, एवढं मी धरून ठेवलं.

दहाव्याला सगळे आले. नदीला पाणी नव्हतं, विधीसाठी घरून घागर न्यावी लागली. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती. परत येऊन हातपाय धुतले आणि श्रीमंत सरळ शेडमध्ये आला. त्याच्यामागं आबासाहेब, भागूबाई, आणि दारापाशी सहादेव. त्याला आबासाहेबांनीच आणलं होतं.

पोत्यावर मी सगळं मांडून ठेवलं होतं. हेड, पिस्टन, बेअरिंग. बाकीच्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. आबासाहेबांनी पिस्टन उचलून बघितला आणि हात काळे झाले म्हणून खाली ठेवला.

“बोला दाजी,” श्रीमंत म्हणाला. “गाडीत पानी न्हवतं म्हनं? वाफा निगत हुत्या म्हनत्यात करंजीवाले. ड्रायव्हरला पानी बघाया नको?”

“पानी तर हुतं की बाबा,” भागूबाई म्हणाली. “ह्याच्याकडं मोट्टा डबा हुता. त्यातलंच तर मी केशरला...”

“ते येगळं, मामी,” मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. “ते प्यायचं पानी. गाडीचं पानी गाडीत असतं. वाफ तर उन्हाळ्यात कुठलीबी गाडी टाकती.”

सहादेवनं दाराची चौकट धरली.

मी बेअरिंगचा अर्धा तुकडा उचलून श्रीमंतच्या हातात दिला. “हे गेलं. खालचा ठकठक आवाज ह्याचा. ह्याला एक भोक असतं, त्यातनं तेल येतं. बसवताना हे भोक अन् इंजिनाचं भोक एकाखाली एक यावं लागतं. आलं न्हाई. तेल पोचलं न्हाई. म्हनून जळालं.”

“मंग ड्रायव्हरला कळाया नको?”

“आतलं ड्रायव्हरला काय कळनार? आवाज आला तवा उशीर झाला हुता.”

“बसवलं कुनी हे?”

“मी,” मी म्हणालो. “दिवाळीत.”

बेअरिंग असं चुकीचं बसलं असतं, तर गाडी दिवाळीत माझ्या शेडपासून नगरच्या वेशीपर्यंतही गेली नसती. भिंगारमधला कुठलाही मिस्त्री हे ऐकून हसला असता. पण तिथं दुसरा मिस्त्री नव्हता.

“मिस्त्री...” सहादेव पुढं आला.

“तो पाना दे रं इकडं,” मी म्हणालो. त्यानं दिला. मला पाना नको होता. मी तो हातात धरून उभा राहिलो.

श्रीमंतनं तो तुकडा पोत्यावर टाकला. “म्हंजी तुमच्या हातानं. दाजी, तुमच्याच हातानं.”

“व्हय.”

“धा दिस मी ह्याच्या नावानं बोंब मारतोय. त्याच्या बायकुला शिव्या दिल्या मी, दाजी! अन् तुमी हितं बसून ऐकत हुता?”

“खोलल्याशिवाय कसं सांगू?”

“माणूस हाय, चुकतंय,” आबासाहेब म्हणाले.

“चुकतंय?” श्रीमंत म्हणाला. “लोकांच्या गाड्या ह्यांच्या जिवावर पळत्यात. आमी सोयरीक केली तवा काय बघून केली? शेत न्हाई, मळा न्हाई, पोरगं हुनरीचं हाय म्हनून दिली. हीच हुनर!” त्याचा हात उठला होता. पण मी नात्यानं मोठा, त्यानं तो खाली घेतला.

भागूबाई माझ्याजवळ आली. मला वाटलं, बोलेल. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. “तुमास्नी काय ठावं, ती त्याच गाडीत बसंल म्हनून,” ती म्हणाली. मग दारापाशी जाऊन तिनं सहादेवच्या डोक्यावरून हात फिरवला. “तू तेवढं पानी दिलंस बाबा माझ्या लेकीला. माझ्या हातनं पाजलं. तेवढंच माझ्यापाशी हाय.”

सहादेव तिच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही. श्रीमंतनं आईचा दंड धरला. ते दोघं तेराव्यापर्यंत राहणार होते. पण दहाव्याच्याच दिवशी शेवगावच्या गाडीत बसून गेले.

आबासाहेब मागं राहिले होते. म्हणाले, “तुमीच नीट करून द्या. पुढचं मग बघू.” पुढचं त्यांनी नगरला दुसरीकडे बघितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. इंजिन भरायला मला बरेच दिवस लागले. नवी बेअरिंगं, रिंगा घातल्या, हेड घासून आणलं, रेडिएटरची गळती डाग देऊन बुजवली. गाडी न्यायला सहादेव आला तेव्हा मी त्याला आत बसवलं, बोट वर केलं, मूठ केली. आवाज साफ होता. धूर नव्हता.

“मी सांगतो श्रीमंतभाऊला,” तो म्हणाला. “मावशीला न कळता, एकट्याला सांगतो.”

“त्याच्या पोटात ऱ्हायचं न्हाई. तू गाडी ने.”

“लोकं काय बोलत्यात तुमाला ठावं न्हाई.”

“बोलू दे.”

शेवगावकडच्या टॅक्सी आता माझ्या शेडपुढून जातात, थांबत नाहीत. आर्मीचे जवान येतात, ते परके, त्यांना काही माहीत नाही. काम पोटापुरतं आहे. जेवण मी करतो. भाकरी अजून जमत नाही.

आमच्याकडे तेराव्याला बायकोच्या माहेरची माणसं येतात. मेव्हणा टोपी आणि उपरणं घेऊन येतो, आपल्या हातानं दाजीच्या डोक्यावर टोपी घालतो, गोडाचा घास देतो. मग दुखवटा संपला. तोपर्यंत गोड खायचं नाही, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, डोक्यावर काही घालायचं नाही. केशरच्या तेराव्याला मी स्वयंपाक करवून ठेवला होता. शेवगावची शेवटची गाडी येऊन गेली, तरी कोणी आलं नाही. साळूबाई म्हणाली, “माझा रंगनाथ घालंल टोपी. कुनीतरी घातली म्हंजी झालं.” मी नको म्हणालो. ती श्रीमंतनंच घालायची असते.

उन्हाळा सरत आला आहे. मी सकाळी शेड उघडतो आणि बोडक्या डोक्यानं उन्हात काम करतो. टोपी घालायची राहिली आहे.